कपाटातली बंदूक



स्मृतिव्याख्यानासाठी हा विषय काहींना अनोळखी वाटेल. आपल्याकडे शेतीवर, भाषेवर, शिक्षणावर व्याख्याने होतात. बंदुकीवर सहसा होत नाहीत. तरीही बंदुकीबद्दल ठाम मत नसलेला माणूस क्वचितच भेटतो. कुठे गोळीबार झाला की दुसऱ्या दिवशी दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणते, सज्जन माणसाच्या हातीही शस्त्र हवे. दुसरे म्हणते, सगळे परवाने रद्द करून टाका. ही मते मांडणाऱ्यांपैकी 1959 चा शस्त्र अधिनियम उघडून पाहिलेले फार थोडे असतात. त्यांच्या डोळ्यांसमोर असते ते एक चित्र, आणि दोन्ही बाजूंचे चित्र एकच असते: बंदूक कुणाच्या तरी हातात आहे, समोर कुणीतरी उभे आहे आणि चाप ओढला जाणार आहे. सिनेमाने हे चित्र आपल्या मनावर पक्के ठसवले आहे. खरी बंदूक मात्र आपले जवळजवळ सारे आयुष्य न उडता काढते. वीस-तीस वर्षे ती कपाटात, पेटीत, माळ्यावर पडून असते. त्या घरात मुले वाढतात, भावाभावांत वाटणीवरून भांडणे होतात, कर्ज चढते, कुणाला दारू लागते, मालक म्हातारा होतो आणि एक दिवस जातो. बंदूक तिथेच असते. आपले बहुतेक गैरसमज उडणाऱ्या बंदुकीकडे पाहून झालेले आहेत आणि आपला कायदा मुख्यतः न उडणाऱ्या बंदुकीविषयी आहे, हे मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

पहिला गैरसमज हक्काचा. शस्त्र बाळगणे हा आपला मूलभूत हक्क आहे आणि परवान्याची पद्धत ही इंग्रजांची उरलेली खूण आहे, असे चांगली शिकलेली माणसेही बोलून दाखवतात. या समजाला इतिहासाचा आधार आहे, म्हणून तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 1857 च्या उठावानंतर इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील शस्त्रे गोळा करायला सुरुवात केली आणि 1878 मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या काळात शस्त्र कायदा केला. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. शस्त्र कायद्याच्या जाचातून युरोपियनांना सूट होती; अपमान होता तो या भेदात. महाराष्ट्राच्या मनात तर पिस्तूल म्हटले की नाशिकचे विजयानंद नाट्यगृह, 21 डिसेंबर 1909 ची रात्र आणि इंग्रज कलेक्टरवर गोळी झाडणारे अनंत कान्हेरे आठवतात. ते ब्राउनिंग पिस्तूल सावरकरांनी लंडनहून गुप्तपणे पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी होते. ज्या समाजाच्या स्मरणात शस्त्र असे देशभक्तीच्या बाजूने उभे आहे, त्याला परवान्याचा कागद पारतंत्र्यासारखा वाटणे समजण्याजोगे आहे. गांधीजींनीही शस्त्र कायद्याचा कडक शब्दांत निषेध केला होता, आणि जानेवारी 1930 मध्ये व्हाइसरॉय आयर्विन यांच्यापुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत, लोकनियंत्रणाखाली स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाने द्यावेत, ही एक मागणी होती. 1931 च्या कराची काँग्रेसच्या ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदलेला आहे.

पण गोष्ट इथे थांबत नाही, आणि पुढचा भाग आपण सहसा सांगत नाही. डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत हरि विष्णु कामथ यांनी हाच हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. कराचीच्या ठरावाची आठवण सभेला होती. डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिले ते परिस्थिती बदलल्याचे. परक्या सत्तेने निःशस्त्र केलेल्या प्रजेची मागणी वेगळी आणि स्वतःचे राज्य स्वतः चालवणाऱ्या नागरिकांची व्यवस्था वेगळी. बाजारात जाऊन हवे ते शस्त्र विकत घेण्याचा हक्क प्रत्येकाला दिला तर राज्यकारभार चालणार कसा, हे आपल्याला समजू शकत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. दुरुस्ती फेटाळली गेली. आज अनुच्छेद 19 मध्ये शस्त्राचा उल्लेख आहे तो एकत्र जमण्याच्या स्वातंत्र्यात, आणि तिथे अट आहे: शांततेने व विनाशस्त्र. फेब्रुवारी 2023 मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना सर्वोच्च न्यायालयानेही अमेरिकेच्या संविधानाशी असलेला फरक अधोरेखित केला. आपले कित्येक नातलग न्यू जर्सीत आणि टेक्सासात राहतात, तिथल्या वादाचे शब्द त्यांच्याबरोबर आपल्या घरात येतात. तिथे शस्त्र बाळगण्याच्या हक्काची 1791 ची दुसरी घटनादुरुस्ती आहे आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या हेलर निकालाने तो हक्क व्यक्तीचा ठरवला आहे. इथे तशी तरतूद सुचवली गेली, तिच्यावर चर्चा झाली आणि ती जाणीवपूर्वक नाकारली गेली. विसरून राहून गेलेली ती गोष्ट नाही.

हक्क नाही म्हणजे मनमानी आहे, हा त्याच्या उलट बाजूचा गैरसमज. परवाना साहेबाच्या मर्जीवर आणि पैशावर मिळतो, असे सर्रास बोलले जाते. व्यवहारात काय घडते हा वेगळा प्रश्न. कायद्याचे शब्द मात्र बरेच नेमके आहेत. जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी आणि आयुक्तालयात पोलीस आयुक्त हे परवाना अधिकारी. अर्ज आला की जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवायचा. 21 वर्षांखालच्या व्यक्तीला परवाना नाही. खेळासाठी लहान वयात देखरेखीखाली सराव करता येतो, ती वेगळी सोय. नाकारायचा असेल तर कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. कलम 14 मध्ये तर असे म्हटले आहे, की केवळ अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येणार नाही. बंदूक हे जमीनदाराचे, बागायतदाराचे, पुढाऱ्याचे भूषण आहे ही समजूत ज्या गावांत अजून आहे, तिथल्या चावडीवर हे एक वाक्य वाचून दाखवावे असे मला वाटते. कायद्याने गरिबाला दार बंद केलेले नाही. त्याचा प्रश्न सर्वांना सारखाच आहे: तुला हे कशासाठी हवे, आणि ते तुझ्याकडे असताना इतरांना धोका नाही ना?

हा प्रश्न एकदा विचारून संपत नाही. परवान्याची मुदत पूर्वी तीन वर्षे होती, 2019 च्या दुरुस्तीने ती पाच झाली. त्याच दुरुस्तीने एका माणसाजवळच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. 2016 च्या शस्त्र नियमांनी घरात शस्त्र सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकावर टाकली, हाताळणीचे प्रशिक्षण आणले आणि सार्वजनिक ठिकाणी शस्त्र मिरवण्याला मनाई केली. म्यानात किंवा बंद पिशवीत नेणे वेगळे आणि कमरेचे पिस्तूल दिसेल असे शर्ट वर करून चहाच्या टपरीवर उभे राहणे वेगळे. समाजमाध्यमांवर पिस्तुलासह छायाचित्र टाकणाऱ्या तरुणांना आपण परवान्याच्या अटी मोडतो आहोत याची पुष्कळदा जाणीवच नसते. 

आता वस्तूकडे थोडे जवळून पाहू. कारण कायद्याइतकेच गैरसमज यंत्राबद्दल आहेत आणि ते जिवावर बेततात. पिस्तुलाचे मॅगझिन काढले की पिस्तूल रिकामे झाले, असे जवळजवळ सर्वांना वाटते. प्रत्यक्षात काय होते ते पाहा. मॅगझिन म्हणजे दस्त्यात बसणारी काडतुसांची डबी. वरची स्लाइड मागे खेचून सोडली की ती पुढे येताना डबीतले सर्वांत वरचे काडतूस नळीच्या मागच्या कप्प्यात, चेंबरमध्ये, ढकलते. गोळी सुटली की स्लाइड आपोआप मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना दुसरे काडतूस आत बसवते. आता डबी काढून टेबलावर ठेवा. चेंबरमधले काडतूस तिथेच असते आणि बहुतेक पिस्तुलांत चाप ओढला तर ते उडते. 'रिकामीच होती' असे सांगितल्या जाणाऱ्या अपघातांचे हे साधे कारण. स्लाइड मागे ओढून, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहिल्याखेरीज कुठलेही पिस्तूल रिकामे मानायचे नसते. ज्या घरात बंदूक आहे त्या घरातल्या प्रत्येकाला, ज्याने तिला कधी हात लावायचा नाही त्यालासुद्धा, एवढे ठाऊक हवे.

'बोअर', म्हणजे नळीचे आतले माप, हा असाच गोंधळाचा शब्द. मोठी नळी ती प्रतिबंधित आणि लहान ती चालते, असा समज आहे. तसे असते तर बारा बोअरची बंदूक सर्वांआधी प्रतिबंधित झाली असती. तिचे नाव जुन्या मापावरून आले आहे: नळीत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरते. पॉइंट बत्तीसच्या नळीहून ही कितीतरी रुंद आहे, तरी गावोगावच्या शेतकऱ्यांकडे आणि बँकेच्या दारावरच्या रखवालदाराकडे ती परवान्याने असते. 9 मिलिमीटर किंवा पॉइंट 303 मात्र सामान्य नागरिकाला मिळत नाही, कारण ती लष्कर-पोलिसांच्या वापरातली मापे आहेत आणि त्यांच्या दारूगोळ्याला बाहेर पाय फुटू नयेत हा हेतू आहे. स्वयंचलित शस्त्रे तर वेगळ्याच वर्गात. छर्ऱ्याच्या एअरगनला काहीच लागत नाही, हेही अर्धसत्य. 2016 च्या नियमांप्रमाणे नळीचे माप 0.177 इंचाहून अधिक किंवा छर्ऱ्याची ऊर्जा 20 जूलहून अधिक असेल तर परवाना लागतो. आणि तलवार? 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे कायद्याच्या कक्षेत येतात. घरगुती आणि शेतीच्या कामाची अवजारे वगळलेली आहेत. वाढदिवसाचा केक चौकात तलवारीने कापणाऱ्यांवर गुन्हे दाखल होतात ते याच अधिनियमाखाली.

कायद्याची नजर न उडणाऱ्या बंदुकीवर आहे, हे दाखवणारे सर्वांना माहीत असलेले उदाहरण मुंबईतलेच आहे. 1993 च्या बॉम्बस्फोट खटल्यात अभिनेता संजय दत्त यांच्यावरील दहशतवादाचा आरोप विशेष न्यायालयाने मान्य केला नाही. शिक्षा झाली ती शस्त्र अधिनियमाखाली. मार्च 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहा वर्षांवरून पाच वर्षांवर आणली. त्या काळात दोन्ही बाजूंनी खूप बोलले गेले. एकीकडे म्हणत, त्याने कुणाला मारले तर नाही, मग शिक्षा कसली? दुसरीकडे म्हणत, शिक्षा झाली म्हणजे तो दहशतवादीच. दोघांचीही चूक एकाच जागी होती. एके-56 रायफल विनापरवाना जवळ ठेवणे हाच पूर्ण गुन्हा आहे. ती उडावी लागत नाही. 2019 नंतर साध्या, प्रतिबंधित नसलेल्या विनापरवाना बंदुकीलाही किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आहे, आणि प्रतिबंधित शस्त्राला किमान सात.

परवाना हातात आला की चोरावर गोळी झाडण्याची मुभा मिळाली, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. खासगी संरक्षणाचा हक्क प्रत्येकाला आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. बंदूकवाल्याला त्यात वेगळी जागा नाही. काठी उगारणाऱ्याला जेवढा हक्क, तेवढाच त्याला. संरक्षणासाठी जरूर त्याहून अधिक इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ हाताशी असेल तर हा हक्कच उरत नाही. मालमत्तेसाठी जीव घेण्याची मुभा जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, आग लावणे, किंवा चोरीच्या वेळी जिवाला खरोखर धोका वाटण्याजोगी स्थिती, एवढ्यापुरती आहे. बागेतले आंबे चोरून पळणाऱ्या पोरावर छर्रे झाडणारा माणूस परवाना दाखवून सुटत नाही. परवाना बाळगण्याचा असतो. झाडलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब स्वतंत्र द्यावा लागतो.

इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो. कायदा काहीही म्हणो, रात्री दरोडेखोर दाराशी आले तर पोलीस येईपर्यंत बंदूकच उपयोगी पडणार. असे प्रसंग घडतात हे मी नाकारत नाही. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहिल्याशिवाय निर्णय करू नये. अमेरिकेत घरोघर बंदुका असल्यामुळे तिथे याचा अभ्यास मोठ्या प्रमाणावर झाला आहे. 2021 मध्ये तिथे बंदुकीने 48,830 माणसे मेली, त्यांपैकी 26,328 आत्महत्या होत्या; म्हणजे निम्म्याहून अधिक. कॅलिफोर्नियातील अडीच कोटींहून अधिक प्रौढांच्या नोंदींवर आधारलेल्या, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पिस्तूल-रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्या पुरुषांत आत्महत्येचे प्रमाण इतरांच्या तिपटीहून अधिक आणि स्त्रियांत सात पटींहून अधिक आढळले. याच संशोधकांनी पुढे दाखवले की ज्यांच्याकडे स्वतःची बंदूक नाही, पण घरात दुसऱ्या कुणाची आहे, अशांचा खून होण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक आहे. बाहेरच्या दरोडेखोरासाठी आणलेली वस्तू घरातल्याच माणसांवर चालते.

अमेरिकेचे आकडे इथे कशाला, असे कुणी म्हणेल. म्हणणे रास्त आहे. भारतात आत्महत्येत बंदुकीचा वाटा फार थोडा आहे, कारण बंदुकाच थोड्या आहेत. 2018 च्या स्मॉल आर्म्स सर्व्हेच्या अंदाजानुसार नागरिकांकडे शंभर माणसांमागे अमेरिकेत 120 आणि भारतात, बेकायदा धरूनही, सुमारे 5 बंदुका. पण साधन हाताशी असण्याने काय होते हे समजायला विदर्भ-मराठवाड्याला अमेरिकेत जावे लागत नाही. शेतात फवारण्यासाठी घरात आणून ठेवलेले कीटकनाशक एखाद्या अंधाऱ्या संध्याकाळी काय करते, हे आपण पिढीभर पाहत आलो आहोत. मरायचे ठरवलेला माणूस कसाही मरतोच, ही समजूत खोटी आहे. श्रीलंकेने 1995 पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी खाली आले. इस्रायलच्या लष्कराने 2006 च्या सुमारास जवानांना सुट्टीवर जाताना रायफल छावणीतच ठेवायला लावले आणि जवानांच्या आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी घटल्या. माणसे तीच, दुःखे तीच. तेवढी एक रात्र साधन हाताशी नव्हते. ती रात्र टळली की बहुतेक माणसे जगतात. म्हणून आपल्याकडे बंदुका कमी आहेत ही वसाहतकाळाची कमतरता आहे असे मला वाटत नाही; ते आपल्याला लाभलेले संरक्षण आहे.

स्त्रियांच्या सुरक्षिततेचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. डिसेंबर 2012 च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने 2014 मध्ये 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन सुमारे अर्धा किलो, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. त्यामागची तळमळ खरी होती असे मी मानतो. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत वर्षानुवर्षे दिसते की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचा असतो: शेजारी, नातलग, मालक, लग्नाचे वचन दिलेला. अनोळखी गल्लीत अचानक समोर येणाऱ्या माणसासाठी बनवलेले रिव्हॉल्व्हर या ओळखीच्या माणसापुढे कधी उपसायचे? आणि परवाना, किंमत, सराव हे सारे परवडणाऱ्या स्त्रिया किती? शेतमजूर बाईला, रात्रपाळीच्या कामगार मुलीला रस्त्यावरचा दिवा, वेळेवर येणारी एसटी आणि तक्रार लिहून घेणारे पोलीस ठाणे त्या रिव्हॉल्व्हरहून कितीतरी जास्त संरक्षण देतात. 

सर्वांत वजनदार आक्षेप शेवटी घेतो. गुन्हेगार परवान्यासाठी अर्ज करत नाहीत. मग कायदा फक्त सरळ माणसाला अडवतो. यातला पहिला भाग खरा आहे. आपल्याकडच्या बंदुकीच्या खुनांत बहुसंख्य शस्त्रे विनापरवाना असतात. बिहारमधल्या मुंगेरपासून सातपुड्याच्या पायथ्याच्या उमर्टीपर्यंत गावठी कट्टे कुठे बनतात हे पोलिसांना ठाऊक आहे, आणि मुंबईच्या गुन्हेगारी बोलीतला 'घोडा', म्हणजे पिस्तूल, तिथूनही येतो. पण निष्कर्ष चुकतो. लेथ, भट्टी आणि लोखंडी नळी एवढ्यावर कट्टा बनतो. भरवशाचे काडतूस तसे बनत नाही. त्याच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, मापात भरलेली धूरविरहित दारू, नेमक्या मापाची पितळी पुंगळी हे कारखान्याचे काम आहे. म्हणून बेकायदा शस्त्राचा मार्ग कुठेतरी कायदेशीर दुकानाच्या नोंदवहीला स्पर्श करून जातो. कोणत्या परवान्यावर किती काडतुसे गेली, किती वापरली, रिकाम्या पुंगळ्या कुठे आहेत, हे विचारणारा कायदा सरळ माणसाला त्रास देण्यासाठी तो प्रश्न विचारत नाही. आणि परवाना हीसुद्धा बेकायदा माल आत येण्याची वाट होऊ शकते. गृह मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे 2016 च्या अखेरीस देशात 33.69 लाख परवाने होते: उत्तर प्रदेशात 12.77 लाख, महाराष्ट्रात 84,050, आणि छोट्या लोकसंख्येच्या जम्मू-काश्मीरमध्ये 3.69 लाख. हा आकडा इतका मोठा का, याचे उत्तर नंतर मिळू लागले. तिथे 2012 ते 2016 या काळात 2.78 लाखांहून अधिक परवाने गैरमार्गाने दिले गेल्याचा आरोप ठेवून सीबीआयने तपास केला. तेव्हा 'परवानाधारक' आणि 'गुन्हेगार' या दोन बंद खोल्या आहेत असे समजू नये. फेब्रुवारी 2024 मध्ये दहिसरला एका माजी नगरसेवकाची समाजमाध्यमावर थेट प्रक्षेपण चालू असताना हत्या झाली. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे मारणाऱ्याने वापरलेले पिस्तूल त्याच्याच अंगरक्षकाच्या परवान्यावरचे होते. शस्त्र कायदेशीर, परवाना कायदेशीर. फक्त ते ज्याच्या हाती पोहोचायला नको होते त्याच्या हाती पोहोचले.

एका जागी मात्र तक्रार करणाऱ्यांची बाजू मला पूर्ण पटते. कोकणात आणि घाटावर डुकरे, माकडे, गवे यांनी शेती उद्ध्वस्त होते आहे. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची सोय अधिनियमातच आहे. ती बंदूक पाहिली म्हणजे तिच्याबद्दलची भीती कमी होते: नळीच्या तोंडातून मापाने दारू ओतायची, वर काथ्याचा किंवा कागदाचा बोळा, गजाने ठासायचे, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणे, शेवटी मागे टोपी बसवायची. एका बारानंतर हे सारे पुन्हा. हिच्यावर कुणी टोळी चालवत नाही. तरी नूतनीकरणासाठी म्हाताऱ्या शेतकऱ्याला तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी चकरा माराव्या लागतात, आणि निवडणुका आल्या की सरसकट बंदुका जमा करण्याचे फर्मान निघते, नेमके पीक उभे असताना. सरसकट जमा करू नका, प्रत्येक परवान्याची छाननी करून ठरवा, असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले आहे आणि निवडणूक आयोगाने त्यासाठी छाननी समितीची पद्धत घालून दिली आहे. ती मनापासून राबवली पाहिजे. शेतकऱ्यानेही एक गोष्ट लक्षात ठेवावी: बंदुकीचा परवाना हा जनावर मारण्याचा परवाना नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली त्याला वेगळी परवानगी लागते, आणि आवाज करून हुसकावणे व मारणे यांत कायदा फरक करतो.

वरातीतल्या गोळीबाराबद्दल फार बोलायला नको. हवेत झाडलेली गोळी हवेत राहत नाही, आणि तिरपी गेली तर जीव घेण्याइतका वेग घेऊन खाली येते. लग्नात, उत्सवात, देवळाच्या आवारात असा बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला 2019 पासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बंदूक त्याच्या स्वतःच्या परवान्यावरची असली तरीही.

राहता राहिली ती मालकाच्या माघारी उरलेली बंदूक, जिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. वडील गेले, सातबाऱ्यावर नावे चढली, बँकेची खाती बदलली, आणि बंदूक माळ्यावर तशीच राहिली. घरातल्यांना वाटते, वारसाहक्काने ती आपलीच. मालकी वारसाकडे येईल. बाळगण्याचा अधिकार येत नाही, कारण परवाना माणसाबरोबर संपतो. शस्त्र अधिनियमाच्या कलम 21 प्रमाणे अशी बंदूक आणि काडतुसे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात. वारसाला स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. मालक हयात असतानाही त्याचे वय सत्तर झाले किंवा त्याने बंदूक पंचवीस वर्षे बाळगली असेल तर ती कायदेशीर वारसाच्या नावे करण्याची सोय 2016 च्या नियमांत आहे. नको असेल तर जमा केलेली बंदूक परवाना असलेल्याला विकून पैसे घेता येतात. ठरलेल्या मुदतीत काहीच केले नाही तर ती सरकारजमा होऊ शकते. तेराव्याच्या कामांच्या यादीत हे एक काम लिहून ठेवावे. बंदूक नेताना आधी ठाण्यात कळवावे, जाणकाराकडून ती रिकामी करून घ्यावी, काडतुसे मोजून वेगळी न्यावीत, परवान्याचे जुने पुस्तक आणि मृत्यूचा दाखला बरोबर ठेवावा, आणि बंदुकीचा क्रमांक व काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नये.